रातकिडे चार दिवसांत मरतात : पाळीव सरड्याच्या खाद्यकीटकांबद्दल सल्ला हवा आहे

अबोली_एडिसन
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला एका लहानशा भाड्याच्या घरात राहतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलाकडे बियर्डेड ड्रॅगन जातीचा आठ महिन्यांचा सरडा आहे. त्याचे नाव वाघ्या. पालेभाजी तो नाइलाजाने खातो, पण रातकिडा दिसला की काचेवर पुढचे पंजे टेकून उभा राहतो. त्याच्यासाठी मी दर महिन्याला ५०० रातकिडे घरपोच मागवते. पेटी येते तेव्हा बहुतेक किडे धडधाकट असतात, पण चौथ्या दिवशी डबा उघडला की निम्मे तळाशी उताणे पडलेले दिसतात, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे हाताला ओलसर लागतात आणि उग्र दर्प थेट नाकात शिरतो. डबा प्लास्टिकचा आणि घट्ट झाकणाचा आहे. झाकणाला मी सुईने भोके पाडली आहेत. खाण्यासाठी काकडीच्या चकत्या आणि पाण्यासाठी ओला स्पंज ठेवते. रात्री त्यांच्या आवाजाने सासऱ्यांची झोप मोडते, म्हणून डबा कपडे धुण्याच्या यंत्राशेजारच्या कपाटात ठेवला आहे. सासऱ्यांना दमा आहे, हेही लक्षात घ्यावे. कीटकांवरचा सगळा खर्च महिन्याला ४० डॉलरच्या आत बसायला हवा. माझे नेमके कुठे चुकते आहे? मुलगा रोज सकाळी मेलेले किडे एक शब्द न बोलता वेचतो, ते मला बघवत नाही.

रानवारा
अबोलीताई, रातकिड्यांचा नाद सोडा आणि डुबिया झुरळे आणा. मी ह्यूस्टनला चार वर्षांपासून ती पाळतो आहे. ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत, आवाज करत नाहीत आणि वास जवळजवळ येत नाही. मादी थेट पिल्ले देते, एका वेळी साधारण २० ते ३०. मोठी पेटी, तिच्या बाजूला लावायची तापपट्टी, थर्मोस्टॅट आणि सुरुवातीची शंभर-दीडशे झुरळे असे सगळे मिळून मला १८० डॉलर पडले, परंतु त्यानंतर कीटकांसाठी मी कोणालाही एक डॉलर दिलेला नाही. पेटी २७ ते ३२ अंश सेल्सियस राहिली पाहिजे, एवढी एकच अट आहे.

जाई_बोस्टन
ताईंनी ४० डॉलर म्हटले आहे, १८० नव्हे. माझ्या मते मीलवर्मइतके (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) स्वस्त आणि बिनतक्रार खाद्य दुसरे नाही. गव्हाच्या कोंड्यात ठेवून डबा फ्रिजमध्ये सरकवला की त्यांची वाढ थांबते आणि ते महिना-दोन महिने टिकतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून त्यांना दिवसभर गाजराचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा आत ठेवायचे. मात्र माझ्यासारखी चूक करू नका. मी मीलवर्म म्हणून मोठे सुपरवर्म आणले आणि तेही फ्रिजमध्ये ठेवले. दोन दिवसांत सगळे काळे पडून मेले. सुपरवर्मना थंडी सोसत नाही, त्यांना खोलीच्या तापमानातच ठेवावे लागते.

कृष्णाकाठ
सौ. अबोली यांस, मी सरडा कधी पाळलेला नाही. मात्र एका जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळेत कीटक वाढवण्यात माझी २६ वर्षे गेली. उसाच्या खोडकिड्यासाठी शेतकरी जी ट्रायकोकार्डे, म्हणजे मित्रकीटकांची अंडीपत्रे, लावतात, त्यांच्यावरची अंडी कॉर्सायरा नावाच्या पतंगाची असतात. त्या पतंगाच्या अळ्या आम्ही ज्वारीच्या भरड्यावर वाढवत असू. कीटक वेगळा असला तरी बंद पेटीत तो कशाने मरतो, याची कारणे बहुतेक सारखीच असतात.

तुमच्या पत्रात ‘ट्रे ओलसर लागतात’ एवढे तीन शब्द वाचले आणि पुढचे वाचण्याआधीच दुखणे कळले. रातकिडा उपाशी काही दिवस काढतो, पण दमट, कोंडलेल्या हवेत तो टिकत नाही. काकडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पाणी. त्या पाण्याची वाफ सुईच्या भोकांतून बाहेर जात नाही, विष्ठा भिजते, तिच्यातून अमोनिया सुटतो आणि मेलेल्या किड्यांवर जंतू वाढून ते जिवंत किड्यांपर्यंत पोहोचतात. स्पंज तर जंतूंचे माहेरघर, तो आजच फेकून द्या. त्यात डबा धुलाईयंत्राशेजारी, म्हणजे घरातल्या सर्वांत दमट कोपऱ्यात आहे.

झाकणाचा मधला भाग तळहाताएवढा कापून तिथे धातूची बारीक जाळी चिकटवा, कारण प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. ट्रे आडवे न रचता उभे ठेवा, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि किडे वर कोरड्या जागेत राहतील. तळाशी कोंडा किंवा माती काहीही घालू नका. तळ उघडा असला की मेलेला किडा लगेच दिसतो आणि काढता येतो. पाण्यासाठी गाजराच्या जाड चकत्या पुरेत, त्या रोज बदलाव्या. कोरडे खाद्य वेगळ्या उथळ झाकणात द्यावे. त्यात थोडी प्रथिने असावीत, नाहीतर ते एकमेकांना, विशेषतः नुकती कात टाकलेल्या मऊ, पांढऱ्या किड्यांना खातात.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो. नवी खेप जुन्या खेपेत कधीही मिसळू नये. एका पावसाळ्यात आमच्या एका पेटीत कोळी किडे शिरले आणि घाईत तोच भरडा दुसऱ्या पेट्यांत मिसळला गेला. त्या महिन्याच्या सगळ्या पेट्या आम्हाला जाळाव्या लागल्या. रिकामा डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय त्यात नवे किडे सोडू नका.

पिंपळपान
आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहतो आणि आमच्या सरड्याला टोळ देतो. त्यांना वास नाही, आवाज नाही आणि ते सावकाश चालतात, त्यामुळे निसटले तरी सापडतात. रातकिड्यांपेक्षा टोळ कितीतरी सोयीचे, असे माझे ठाम मत आहे.

रानवारा
पिंपळपान, अमेरिकेत टोळ पाळायला परवानगी नाही, कारण ते सुटले तर पिकांना धोका ठरतील. तेव्हा त्यांचा उल्लेख इथे उपयोगाचा नाही. डुबियांना वास नसतो आणि आवाजही नसतो, हे मी वर लिहिलेच आहे.

सह्यकडा
एवढा खर्च कशासाठी करायचा? लहानपणी आम्ही गवतातून ओंजळभर नाकतोडे धरून आणत असू. न्यू जर्सीत उन्हाळ्यात घरामागे गवत असतेच. मुलालाही मोकळ्या हवेत खेळायला मिळेल आणि वाघ्याला ताजे खाद्य मिळेल.

निशिगंध_०७
कृपा करून असे करू नका. आम्ही तुमच्याजवळच, पेन्सिल्व्हेनियात राहतो. जून २०१९ मध्ये माझ्या मुलीने अंगणातून चार-पाच किडे धरून आमच्या ड्रॅगनला घातले. त्यांत एक काजवा होता. काही मिनिटांतच ड्रॅगन जबडा पुन्हा पुन्हा उघडून डोके झटकू लागला, त्याचा रंग काळवंडला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. इथल्या काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि बियर्डेड ड्रॅगनला एकच काजवा पुरतो. ऑस्ट्रेलियातून आलेल्या या प्राण्याला अशा काजव्याशी गाठ पडल्याची सवय नाही, म्हणून तो चवीवरून थांबत नाही. शिवाय शेजाऱ्यांनी गवतावर कोणते औषध फवारले आहे, हे आपल्याला कळत नाही. माझ्या मुलीने त्यानंतर वर्षभर अंगणात पाय ठेवला नाही. सह्यकडा दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला मागे घ्यावा, अशी विनंती आहे.

सह्यकडा
मला हे ठाऊक नव्हते. सल्ला मागे घेतो. तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटले.

अबोली_एडिसन
निशिगंधताई, मनापासून आभार. आमच्या इमारतीमागे जूनमध्ये काजवे असतात आणि मुलगा ते बाटलीत धरतो. आज त्याला जवळ बसवून समजावले. कृष्णाकाठ काका, तुमचे पत्र मी छापून कपाटाच्या दाराला लावले आहे. एक प्रश्न राहिला. डॉक्टरांनी वाघ्याची हाडे तपासताना विचारले की किडे काय खातात. मी काकडी म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. किडे जिवंत राहणे आणि पौष्टिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

निशिगंध_०७
होय, आणि दुसरी अधिक महत्त्वाची आहे. रातकिड्यात एक भाग कॅल्शियमला साधारण नऊ भाग फॉस्फरस असतो. सरड्याला याच्या उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम लागते. ते मिळाले नाही तर शरीर हाडांतून ते काढून घेते, जबडा मऊ पडतो आणि पाय वाकतात. म्हणून खायला घालण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना मोहरीचा पाला, कोलार्डची पाने आणि गाजर असे चांगले खाद्य द्यावे, म्हणजे ते किड्याच्या पोटातून सरड्याला मिळते. पालक देऊ नका, त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यानंतर किडे पिशवीत घेऊन कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच घोळवावेत. त्यांच्या अंगावर पांढरी साय दिसली की पुरे. कॅल्शियम अंगी लागावे म्हणून सरड्याच्या पेटीत लावतात तो यूव्हीबी दिवा जुना झाला असेल तर या सगळ्याचा फारसा उपयोग होणार नाही, कारण तो प्रकाश देत राहिला तरी त्याची अतिनील किरणे कमी होतात.

रानवारा
डुबियांमध्ये मांस अधिक आणि कवच कमी असते. त्यांना भाज्यांबरोबर मांजराचे खाद्य दिले की ती झपाट्याने वाढतात.

कृष्णाकाठ
रानवारा, मांजराच्या खाद्याबाबत मी सहमत नाही. झुरळाला जास्तीची प्रथिने मिळाली की ते त्यांतले नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात शरीरात साठवते आणि ते सरड्याच्या पोटात जाते. शिवाय ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तिथे झुरळांची वसाहत वाढवणे मला योग्य वाटत नाही. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ अनेकांना सोसत नाही. आमच्याकडे पतंगांच्या खवल्यांनी दोन सहकाऱ्यांना धाप लागू लागली, तेव्हापासून तोंडाला फडके बांधल्याशिवाय आम्ही पेटी उघडत नसू.

रानवारा
चार वर्षांत मला एकदाही शिंक आलेली नाही.

जाई_बोस्टन
तुम्हाला दमा नाही, दादा. त्यांच्या घरात आहे. मीलवर्मचा विचार व्हावा, एवढेच पुन्हा सांगते.

अबोली_एडिसन
सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बहुतेकांचे म्हणणे रातकिडे सोडा असे होते, पण आम्ही रातकिडेच ठेवले आहेत. झुरळे सासऱ्यांमुळे नकोत आणि फ्रिजमध्ये अळ्या ठेवायला माझे मन तयार झाले नाही. मात्र एकदम ५०० मागवणे बंद केले. गावातल्या दुकानातून दर शनिवारी १०० बँडेड रातकिडे आणतो. दुकानदार म्हणाले की साध्या रातकिड्यांच्या खेपाच्या खेपा संपवणारा जो विषाणू आहे, त्याला ही जात दाद देत नाही. ही जात चपळ आहे, दोन-चार किडे स्वयंपाकघरात निसटले, ते मुलाने धरले. सोबतीला ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांचा एक डबा घेतो, कारण त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर असते. महिन्याचा खर्च ३८ डॉलरवर आला.

डबा आता पुस्तकांच्या कपाटावर, कोरड्या जागी आहे. जाळी मुलाने स्वतः कापून चिकटवली. मागच्या शनिवारी आणलेले किडे थंडीने काठीसारखे आखडलेले होते. पूर्वी मी ते मेले समजून टाकले असते, पण या वेळी खोलीत तासभर ठेवले आणि एकेकाच्या मिशा हलू लागल्या. आठवड्यात १०० पैकी ९ मेले. काल रात्री मुलगा विजेरी घेऊन डब्यापाशी बसला होता. एक रातकिडा पुठ्ठ्याला उलटा लटकून कात टाकत होता आणि दुधासारखा पांढरा होऊन बाहेर येत होता. मुलाने आजोबांना बोलावून तो दाखवला. आवाजाची तक्रार मात्र अजून तशीच आहे, तेव्हा पंख न फुटलेली लहान पिल्लेच निवडून आणावीत का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?