बिडाचा तवा घ्यावा का?

दर्यापूर तालुक्यातून प्रश्न:
आठवडी बाजारात दोन तवे पाहिले, एक पत्र्याचा, एक जड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. चुलीवर धिरडे अन् ज्वारीची भाकर, दोन्ही करायचं हाय. कोणता घेऊ?

उत्तर:
ताई, धिरड्यासाठी बिडाचाच घ्या. उशिरा तापते, पण आच धरून ठेवते. धिरडं सगळीकडून सारखं लाल होते. बिडात कार्बन 2 टक्क्यांहून जास्त, म्हणून ते ठिसूळ. घेताना वाजवून पाहा, आवाज खणखणीत यावा. बद्द वाजला तर कुठंतरी भेग असू शकते. घरी साबणानं धुवा, चुलीवर कोरडा करा, जवसाचं तेल लावा अन् फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून काढा. मग धूर निघेपर्यंत तापवा. असं तीन-चारदा. जवसाचं तेल कडक थर धरते. जास्त राहिलं तर चिकटच राहते, हे मी प्रत्येक सुनेला सांगते!

दुसरं उत्तर:
भाकरीले मात्र पत्र्याचाच बरा, लवकर तापते.

दर्यापूर:
अन् अंबाडीची भाजी?

उत्तर:
बिडाच्या तव्यात नका करू बाई, आंबटानं तेलाचा थर उतरते. अन् तापल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतू नका, तडकते.