वाळवंटीकाठी घर बांधायचंय, पण परवानगीत पुराचं कोण बघतं?

गडग्यापलीकडे

नमस्कार. गोव्यात साखळीच्या खालच्या अंगाला, वाळवंटी नदीच्या काठावर आमची वडिलोपार्जित जागा आहे. एक-चौदावर (गोव्याच्या सातबाऱ्यावर) अजून बाबांचंच नाव आहे आणि वाटणीचं भांडण नाही, इतपत नशीब चांगलं. जागा रस्त्यापासून नदीकडे उतरत जाते. झोनिंग सर्टिफिकेट काढलं तेव्हा कळलं की रस्त्याकडचा तुकडा सेटलमेंट, म्हणजे वस्तीसाठी आहे आणि खालची पट्टी भातशेती दाखवली आहे. आजी तिथे वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) करायची, आता नुसतं गवत.

२३ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमच्या जागेत काहीच नव्हतं, म्हणून नुकसान नाही. शेजारच्या काकांच्या घरात मात्र खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं होतं.

आता कंत्राटदार म्हणतो, चार-पाच फूट माती टाकून सगळी जागा रस्त्याच्या लेव्हलला आणू, नदीकडे चिऱ्यांची भिंत घालू आणि घर मधोमध बांधू. काका म्हणतात, तू भर घातलीस तर ते पाणी माझ्या घरात येणार, मग मी तक्रार करणार. हेही चहा पिता पिता, अगदी गोडीनं सांगितलं. इंजिनिअर म्हणतो, "पुराचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही, टेन्शन घेऊ नका." मला नेमकं त्याचंच टेन्शन आलंय. त्यात एक एजंट खालची पट्टीसुद्धा सेटलमेंट करून देतो म्हणून मागे लागलाय. घर खांबांवर उचलावं तर आईचे गुडघे गेलेत, तिला जिना नको. कर्ज वीस वर्षांचं घेणार आहे.

नदीकाठी बांधलेलं कोणी आहे का इथे? भर घालायला वेगळी परवानगी लागते का?

ट्रेसिंगपेपर

बाब, तुमचा इंजिनिअर खोटं बोलत नाही. अर्धं बोलतोय.

मी सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालो. गोव्यात घराच्या फाइलीत कोण काय बघतो ते सांगतो. सनद (बिनशेतीचा परवाना) देताना जमीन कोणाची आणि बिनशेती करता येते का हे बघतात. नगरनियोजन खातं झोन, एफएआर (जागेच्या किती टक्के बांधकाम करता येतं ते), सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), रस्त्याची रुंदी बघतं. आरोग्य केंद्राचा माणूस सेप्टिक टँक आणि विहीर बघून जातो. पंचायत हे सगळे कागद गोळा करून लायसन्स देते. नदीचं पाणी या जागेत किती चढतं, हा प्रश्न सरळ कोणाच्याच टेबलावर येत नाही. पूरमैदानांची विभागणी करणारा नमुना कायदा केंद्रानं १९७५ मध्येच राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर, एवढ्यांनी तो मनावर घेतला. गोवा त्यात नाही.

पण पूर मागच्या दारानं फाइलीत येतोच. गोव्याचा नगर व ग्रामनियोजन कायदा १९७४, त्यातलं कलम १७अ. डोंगर कापायला आणि सखल जमिनीत भर घालायला आधी परवानगी लागते. लोकांना त्यातला डोंगर तेवढा आठवतो, कारण लाल माती दुरून दिसते. भर घातलेली कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पाऊस पडेपर्यंत. तुमच्या कंत्राटदाराचे टिपर रात्री येऊन माती ओतून जातील आणि तो म्हणेल, काही होत नाही. होतं ते असं: शेजारी अर्ज करतो, तलाठी येऊन पंचनामा करतो, काम बंदची नोटीस येते आणि ती येते नेमकी तुम्ही पायाचं सळीकाम केल्यावर. भर काढून जमीन होती तशी करून द्या, असंही सांगू शकतात. घातलेली माती काढायला घालण्यापेक्षा जास्त पैसे लागतात, कारण तोपर्यंत तिला कोणी गिऱ्हाईक नसतं.

तुमच्या काकांचं म्हणणं कायद्याबाहेर ठेवूनही बरोबर आहे. वाळवंटीला पूर येतो तो नुसत्या साखळीच्या पावसानं नाही. चोर्ला घाटात कोसळलेलं पाणी आणि अंजुणे धरणाचा विसर्ग वरून येतो, आणि त्याच वेळी मांडवीत भरती असेल तर खालून वाट बंद. तेव्हा त्या चार-पाच तासांत पाणी तुमच्या त्या गवताच्या पट्टीत पसरून बसतं. पट्टी भरली की तेवढंच पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर.

भरती तुमच्या जागेपर्यंत पोचत असेल तर सीआरझेडही (किनारी भागातल्या बांधकामाचे केंद्राचे नियम) बघावं लागेल. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीला १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा. २०१९ च्या अधिसूचनेत तो ५० मीटरवर आणलाय, पण तिच्यावरचा किनारी आराखडा मंजूर होईपर्यंत गोव्यात जुनंच धरायचं. २०११ वरचा आपला आराखडा २०२२ मध्ये मंजूर झाला, त्या नकाशावर सर्व्हे नंबर शोधा. खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल जमीन) म्हणून नोंद निघाली तर तिथे घराचा विषय संपला. आणि तुमची पट्टी अंजुणेच्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते का तेही बघा. लाभक्षेत्र विकास कायदा तिथे शेतीशिवाय दुसरं काही करू देत नाही.

एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. २०२३ मध्ये प्रादेशिक आराखड्यातली "चूक दुरुस्त" करायला त्याच नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आणलं, त्याखाली किती शेतं एका रात्रीत सेटलमेंट झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले. आता हे लोक झोन बदलायला त्याच कायद्यातल्या कलम ३९अ चं नाव घेतात. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकतींना ३० दिवस असतात. पहिली हरकत कोणाची येईल ते तुम्हीच सांगितलंय. आणि समजा झाला झोन सेटलमेंट. नदीला नकाशा कोण दाखवणार?

चांदेलची_सून

कागदांचं ट्रेसिंगपेपर काकांनी सांगितलंच आहे. मी पाणी येऊन गेल्यावरचं सांगते, कारण आम्ही पेडण्यात तिळारी धरणाच्या खालच्या अंगाला आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून सोडलेलं पाणी आणि पाऊस एकत्र आला आणि शापोरा नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं.

घर चिऱ्यांचं होतं, ते उभं राहिलं. पण सेप्टिक टँक उताराच्या खालच्या बाजूला होती. पाणी वर यायच्या आधीच न्हाणीतून उलटं घाण पाणी घरात. नदीचं पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं, तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही. तुम्ही टँक वर, रस्त्याकडे घ्या, पाईपला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, झाकण सील करून घ्या. इलेक्ट्रिशियन प्लग खाली काढायला बघतात, ऐकू नका. मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर सगळं पुराच्या खुणेच्या वर. सासूबाई अजून तांदळाचा डबा माळ्यावर ठेवतात, मी आधी हसायचे.

बँक कर्ज देताना जी विमा पॉलिसी गळ्यात मारते ती नीट वाचा. एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा म्हणून ठरलेली पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे असते, तिच्यात पूर येतो. काही जण कर्जाचा, म्हणजे माणूस गेला तर हप्ते फेडणारा विमा देऊन घराचा विमा झाला म्हणतात. ते वेगळं आणि हे वेगळं.

पंचगंगेकडचा

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीला म्हापशात. आमच्याकडं निळी रेषा आणि लाल रेषा असते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतल्याची लाल. निळीच्या आत नवीन घर नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर किमान ०.४५ मीटर पाहिजे. गोव्यात हे नाही ऐकून नवल वाटलं. पण तुम्ही स्वतःसाठी तोच हिशोब धरा की.

आता रेषा आहेत म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका हं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी कुठवर आलं ते अख्ख्या कोल्हापूरनं बघितलंय. रेषा सरकवायला टपलेले आमच्याकडंही कमी नाहीत.

गडग्यापलीकडे

सगळ्यांचे आभार. भर घालायचा विचार सोडला. पण दोन गोष्टी अडल्या. पुराची उंची माझ्या जागेत ठरवायची कशी? पाणी आलेलं शेजारच्या घरात, माझ्याकडे नुसतं गवत. आणि आईच्या गुडघ्यांचं काय? "२५ वर्षांतून एकदा" म्हणजे २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत, असं भाऊ म्हणतोय.

ट्रेसिंगपेपर

भावाला सांगा, पाऊस पंचांग वाचून येत नाही. २५ वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरी. तुमच्या वीस वर्षांच्या कर्जावर हिशोब केला तर तो एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. हप्ते संपायच्या आत येईल हेच धरून चाला.

आता उंची. काकांच्या घरी परत जा, या वेळी खाजं घेऊन. भिंतीला रंग दिला असेल, पण दाराची लाकडी चौकट बघा, आतल्या बाजूनं, बिजागरीच्या मागे. तिथे ब्रश पोचत नाही. गढूळ पाणी थांबलं असेल तर बारीक मातीची आडवी रेघ मिळते, बोटानं खरवडली तर सुटते. मोरीच्या दारालाही बघा. दोन ठिकाणी एकाच उंचीवर मिळाली तर ती खरी. मग गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, लेव्हल पाईप म्हणतात ती. पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक काकांच्या रेघेला, दुसरं तुमच्या जागेतल्या माडाला. पाणी स्थिर झालं की माडावर रंगानं खूण करा. घरं लांब असतील तर सर्व्हेयरकडून ऑटो लेव्हलनं करून घ्या. दोन्ही घरांच्या मधे मोठा बांध किंवा रस्ता आडवा गेला असेल तर दोन्हीकडे पाणी सारखं नसतं, हे लक्षात ठेवा.

सोबत जलस्रोत खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये शुल्क: साखळीला त्या दिवशी नदीची सर्वांत जास्त पातळी किती नोंदली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असं त्या वेळी सांगितलं गेलं, म्हणजे गावात १९८२ पाहिलेलं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यालाही गाठा. दोन्हींत जी खूण वर असेल ती धरा, त्यावर कोल्हापूरकरांचा अर्धा मीटर घाला. ती तुमच्या जोत्याची उंची.

आईचं उत्तर तुमच्या जागेच्या उतारातच आहे, म्हणून मला कंत्राटदाराचा राग आला. जागा सपाट करायची गरजच नाही. घर वर, रस्त्याला टेकवून घ्या. पुढचं दार रस्त्याच्या लेव्हलला, आईची खोली आणि न्हाणी तिथेच. उरलेला फरक पायरीऐवजी लांब उतारानं काढा, दर फुटाला एक इंच यापेक्षा चढ नको. मागची, नदीकडची बाजू खांबांवर. खाली गाडी ठेवा, ती जागा पार्किंग म्हणून एफएआरमध्ये धरत नाहीत. खांबांच्या मधे नंतर भिंती घालून भाडेकरू ठेवायचा मोह मात्र टाळा, अर्धा गोवा तेच करतो. खालच्या पट्टीत काही नाही, जमलं तर परत वायंगण. एफएआर सेटलमेंटच्या तुकड्यावरच मिळेल. गाव व्हीपी-२ वर्गात असेल तर ६० टक्के, म्हणजे ३०० चौरस मीटरवर १८० चौरस मीटर घर. आणखी किती पाहिजे?

आणि नदीकडे ती चिऱ्यांची भिंत नको. सलग भिंत पाणी आत यायला थांबवत नाही, आलेलं बाहेर जायला थांबवते. कुंपण पाहिजेच तर खांब आणि तारेची जाळी. काठाला हात लावायचा असेल तर जलस्रोत खात्याला विचारल्याशिवाय नाही.

चांदेलची_सून

जाळीत कचरा अडकून तीच भिंत होते, काका. आम्ही पावसाआधी खालचा फूटभर भाग सोडवून वर बांधून ठेवतो.

ट्रेसिंगपेपर

बरोबर बोललीस बाय. तसंच करा.

प्लॅन सबमिट करण्यापूर्वी इंजिनिअरकडून रस्ता ते नदी असा उभा सेक्शन काढून घ्या आणि त्यावर पुराची खूण आडव्या रेघेनं दाखवायला सांगा. कोणी मागत नाही, तरी. तो काढायला कुरकुरला तर इंजिनिअर बदला. सेक्शन झाला की नाव आणि सर्व्हे नंबर खोडून इथे टाका, मी बघतो.