हॅमरफेस्ट पुन्हा होतं तसं का नाही उभारलं?

गलबत: नॉर्वेच्या पार उत्तरेचं हे बंदर. १७८९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही. रशियाचे पोमोर व्यापारी पीठ घेऊन यायचे, मासळी भरून परतायचे. दोन महिने सूर्य न दिसणाऱ्या या गावात १८९१ लाच रस्त्यावर विजेचे दिवे लागले! ऑक्टोबर १९४४ मध्ये हिटलरच्या हुकमाने लोकांना हुसकावलं आणि माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने गाव जाळलं. उरलं फक्त दफनभूमीतलं छोटं प्रार्थनाघर. जुन्या फोटोंत पाण्यात रोवलेल्या खांबांवरची लाकडी गोदामं बघितली की जीव तुटतो. वॉर्साने जुन्या चित्रांवरून आपला जुना भाग परत उभा केला. इथे का नाही?

चूलबोळकं: अजिबात पटलं नाही. लोक परतले तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं, थंडी तोंडावर होती. फिनमार्क म्हणजे या सगळ्या उत्तर प्रांतातल्या कित्येकांनी तर तो हिवाळा गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून काढला होता. त्यांना नक्षीदार सज्जे देत बसायचं की चूल? आणि जुनं म्हणजे कोणतं? १८९० च्या आगीत बरंचसं गाव जळालं होतं. तुमच्या फोटोतलं बहुतेक गाव त्यानंतरचं, जेमतेम पन्नास वर्षांचं.

गलबत: १८९० चा मुद्दा मान्य. पण ती आग अपघात होती. ही मुद्दाम लावली. मुद्दाम पुसलेलं परत लिहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

लंबक: मी चूलबोळकंच्या बाजूने, पण कारण वेगळं. १९६१ चं चर्च बघा. मासळी वाळवायच्या लाकडी मांडवासारखा त्याचा त्रिकोणी आकार आहे. गावाने आपली ओळख गोदामांत नाही, धंद्यात शोधली. तिथेच फुगलनेसला १८५४ चा स्तंभ आहे, पृथ्वीचा आकार मोजायला खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हने इथून काळ्या समुद्रापर्यंत आखलेल्या मोजणी-रेषेचं उत्तर टोक.

गलबत: चर्च सुंदरच आहे, वाद नाही. पण चर्चमध्ये लोक रविवारी जातात, धक्क्यावर रोज. निदान धक्क्यालगतची एक रांग तरी जुन्या मापाने बांधायची होती.

चूलबोळकं: एक रांग? त्याला माझी हरकत नाही. घरं झाल्यावर.