इन्सुलिनला घाबरू नका

ताई, गरोदरपणात साखर वाढली आणि सहाव्या महिन्यात इन्सुलिन सांगितलं म्हणून तुम्ही रडलात हे वाचून राहवलं नाही, अहो इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, जाते ती आपली वाढलेली साखर आणि त्यानेच बाळाचं वजन जास्त वाढतं. मलाही घ्यावं लागलं होतं. उपाशीपोटी ९० असायची पण सकाळी पोहे खाल्ले की तासाभरात १६५! डॉक्टरांनी सांगितलेलं, उपाशी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. मग पोहे बंद, मुगाचं धिरडं आणि दही, आणि खाल्ल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर चालायचे, बराच फरक पडला. उपास मात्र अजिबात नको. डिलिव्हरीनंतर दीड महिन्याने साखर परत तपासा, बाळाच्या गडबडीत तेच राहून जातं.