हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम: चाळीस लिटरच्या सॅकमध्ये सामान कसे बसवावे?

प्रश्न:
डिसेंबरमध्ये आम्ही चौघे खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर एका रात्रीच्या मुक्कामासाठी जाणार आहोत. माझी सॅक ४० लिटरची असून स्लीपिंग बॅग, जाड जॅकेट, कपड्यांचा एक जोड आणि वाटणीला आलेला शिधा एवढ्यातच ती भरते. कॅरीमॅट बाहेर आडवी बांधावी लागते. गेल्या खेपेस अशीच बांधलेली मॅट कारवीत अडकून फाटली. ६० लिटरची नवी सॅक घ्यावी, की आहे त्याच सॅकमध्ये जागा करता येईल?

प्रतिसाद १:
नवी सॅक घेऊ नये. मोठी सॅक घेतली की सामानही तेवढेच वाढते, हे मी स्वतः करून चुकलो आहे. आपली जागा बहुधा स्लीपिंग बॅगेभोवती वाया जात असावी. ती खोळीत घट्ट आवळली की तिचा कडक गोळा होतो आणि त्या गोळ्याभोवती सॅकच्या कोपऱ्यांत जी पोकळी उरते, तिच्यात दुसरे काहीच नीट बसत नाही. त्याऐवजी सॅकला आतून कचऱ्याच्या जाड, मोठ्या पिशवीचे अस्तर लावावे, स्लीपिंग बॅग खोळीतून काढून घड्या न घालता तळाशी कोंबावी आणि बाकीचे सामान तिच्यावर दाबत जावे. कोपरे ती आपोआप भरते. पातेलेही रिकामे नेऊ नये, गॅसचा २३० ग्रॅमचा डबा आणि बर्नर त्यातच बसतात. मॅट खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढीच कापून सॅकच्या बाजूला उभी बांधावी आणि रात्री पायांखाली रिकामी सॅक घ्यावी.

प्रतिसाद २:
मुळात एवढा शिधा कशासाठी? गडावर स्थानिक गावकरी पिठलं-भाकरी करून देतात; आधी फोन करून चौघांचे जेवण सांगून ठेवावे आणि सोबत फक्त दशम्या, कोरडी चटणी व गूळ-शेंगदाणे असू द्यावेत. स्वतःच रांधायची हौस असेल (आम्हाला आहे), तर तांदूळ, मुगाची डाळ, हळद आणि मीठ घरीच मोजून एका पिशवीत भरावे, म्हणजे डबे-बाटल्या लागत नाहीत. जॅकेटवर मात्र काटछाट नको, कारण कोकणकड्यावरचा रात्रीचा वारा अंगात भरतो.

प्रतिसाद ३:
पहिल्या प्रतिसादात एक भर. खोळ घरी ठेवू नये. पहाटे दवाने ओली झालेली स्लीपिंग बॅग परतताना इतर कपड्यांपासून वेगळी ठेवावी लागते, आणि रात्री त्याच खोळीत जॅकेट भरले की उशी होते. पाण्याच्या बाटल्या पाठीलगत, मध्यभागी ठेवाव्यात. खिंडीनंतरच्या रेलिंगच्या कातळटप्प्यावर लोंबकळणारी बाटली तोल घालवते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. काल सॅक भरून पाहिली. जेवण गडावरच सांगितल्यामुळे शिधा आणि पातेले दोन्ही गळाले, आणि वर चार बोटे जागा उरली. मॅट कापण्याचे धाडस मात्र अद्याप झालेले नाही. सध्या ती उभी बांधली आहे.