पाव किलोतला पाव, वड्यातला पाव आणि "देवा पाव" मधला पाव, तिन्ही एकच का?

डोंबिवलीची_सुमा:
मंडळी, प्रश्न जरा फालतू वाटेल पण डोक्यातून जात नाहीये. ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय की पूर्वी बेकरीत पीठ पायाने तुडवून मळायचे म्हणून त्याला पाव म्हणतात, हिंदीत पाँव म्हणजे पाय ना. ते वाचून आमच्यातल्या एकाने पाव बंद केला, म्हणजे सोमवारी बंद केला आणि बुधवारी स्टेशनबाहेर वडापाव खाताना दिसला, पण ते सोडा. दुसरा म्हणतो की छे, लादीचा एकेक तुकडा पाडतात, तुकडा म्हणजे पाव भाग, म्हणून पाव. त्यात सासूबाईंनी विचारलं की मग आम्ही "गणपती पावला" म्हणतो त्याचं काय. आणि एक मैत्रीण ओसाकाला असते, ती म्हणते तिकडे ब्रेडला पान म्हणतात!! आता हे सगळं एकमेकांत कसं बसवायचं? कुणाला नक्की माहीत असेल तरच सांगा, अजून एक फॉरवर्ड नको.

शब्दखोर_नाना:
सुमाताई, बसवायचंच नाही, तिथेच सगळे फसतात. हे तीन वेगवेगळे शब्द आहेत, तीन वाटांनी आले आणि मराठीत आल्यावर उच्चार एकसारखा झाला एवढंच.

खायचा पाव पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत ब्रेडला पांव म्हणतात, शेवट नाकात. मूळ लॅटिन पानिस. आता तुम्ही म्हणाल याला पुरावा काय, तर पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात पडलाय. लिलाव हा शब्द घ्या. तोही पोर्तुगीजच, त्यांचा लेइलांव. तोच नाकातला शेवट, आणि आपण त्याचाही सरळ "आव" केला. हिंदीवाल्यांनी त्याच शब्दाचा नीलाम केला, शेवटी म लावून. म्हणजे पांवचा पाव आणि लेइलांवचा लिलाव हे एकाच सवयीतून झालंय. पायाने मळण्याचा यात काही संबंध नाही. कुठल्या भट्टीत कुणी पायाने मळत असेलही, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. लादीचंही तेच, लादी नसते अशा ठिकाणीही पावाला पावच म्हणतात, गोव्याला जाऊन बघा.

बाकीचे दोन पाव नंतर लिहितो, आत्ता जेवायला बोलावणं आलंय.

बार्देसकार:
नानांनी गोव्याचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आमच्याकडे -आंव शेवट अजून शाबूत आहे. 24 जूनला विहिरीत उड्या मारतात तो सण सांजांव, म्हणजे सेंट जॉन, आणि जॉनचं पोर्तुगीज नाव कोकणीत जुवांव. त्यामुळे पाव कुठून आला हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नाही.

पाववाल्याला आम्ही पोदेर म्हणतो, तोही त्यांचाच शब्द, पादेइरु. सकाळी सायकलवर मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंगा पों पों. भोंगा ऐकला की पिशवी घेऊन गेटवर पळायचं, नाहीतर तो पुढच्या वाड्यावर गेला समजा. आणि टोपलीत एकच प्रकार नसतो. मऊ चौकोनी तो पाव, कोंडा लावलेली पोकळ ती पोय, वरून कडक आणि मधे चीर तो उंडो, बांगडीसारखं कडक ते कांकण. रस्साभाजीबरोबर उंडो घ्यायचा, पाव नाही, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि ते बदलणार नाही.

अजून एक. पोर्तुगीज आले (गोवा 1510) तेव्हा त्यांना पाव फुगवायला यीस्ट कुठून मिळणार, तर इथे माडाची सूर होती, ताडीच म्हणा, ती घालून पीठ फुगवलं. जुन्या लोकांना त्या पावाची चव अजून आठवते, आता सूर काढणारे रेंदेरच कमी झालेत तर पाव कुठून तसा लागणार.

वसई_लोकल:
आमच्याकडे पण पोर्तुगीज 1534 पासून होते, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. विहिरीत पाव टाकला आणि अख्खा गाव बाटला या गोष्टी आजीकडून ऐकल्यात. खऱ्या किती देव जाणे, पण लोक पावाला किती वचकून होते ते त्यातून कळतं. आणि आज तोच पाव गणपतीच्या मंडपाबाहेर वडा घालून विकतात.

डोंबिवलीची_सुमा:
वा, लिलाव मला माहीतच नव्हता! पण मग जपानी पान? आणि चायनीज बाओ पण मऊ पावासारखाच असतो की, तो पण यातलाच का?

ओसाकातली_मैत्रीण_मीच:
सुमाने शेवटी मला खेचलंच इथे 😄

पान हा तोच पोर्तुगीज शब्द. ते लोक 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, बंदुका घेऊन, आणि मागोमाग ब्रेड पण आला. जपान्यांनी नाकातल्या शेवटाचा सरळ न केला, आपण व केला. कोरियन लोकांनी तो जपान्यांकडून उचलला, ते प्पांग म्हणतात. श्रीलंकेत पण पाव म्हणजे पान. तिथे पाववाला रिक्षातून येतो आणि भोंग्याऐवजी बीथोव्हेनची ट्यून वाजवतो, बार्देसकारांच्या पोदेराला सांगा.

सुरेवरून आठवलं. इथे टोकियोच्या गिंझामध्ये किमुराया म्हणून जुनी बेकरी आहे, त्यांनी 1874 मध्ये आनपान काढला, पावाच्या आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, आणि 1875 मध्ये तो सम्राट मेइजींना दिला. त्यांनी तो कशाने फुगवला, तर साके म्हणजे तांदळाच्या दारूच्या विरजणाने. म्हणजे गोव्यात माडाची, जपानात तांदळाची, पाव दोन्हीकडे गावच्या दारूवरच फुगला.

बाओ मात्र यातला नाही. चिनी भाषेत बाओ म्हणजे गुंडाळणे, आत सारण भरून बंद करतात म्हणून बाओ. आवाज जुळला एवढंच.

शब्दखोर_नाना:
जेवलो, झोपलो, आता उरलेले दोन.

पाव किलोतला पाव हा संस्कृत पाद. पाद म्हणजे पाय, आणि जनावराला पाय चार म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चरण मोजतात तेही याच हिशोबाने. म्हणजे फॉरवर्डवाल्याने पाय बरोबर पकडला होता पण भलत्या पावाला लावला. हिंदीचा पाँव, आपला पाय, पाऊल सगळी याचीच भावंडं, लांबची म्हणाल तर फारसीतला पा, ज्याच्यावरून पायजमा, आणि इंग्रजी फुटसुद्धा. आमच्या वडलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करायला लावायचे, शेवटची साडेतीनची, तिथे भलेभले अडकायचे. पावशेर म्हणजे वीस तोळे, साधारण 233 ग्रॅम, तो किलो आल्यावर 250 झाला आणि नाव तेच राहिलं. चार आण्याला पावली म्हणायचे, ते 25 पैशांचं नाणं 2011 मध्ये चलनातूनच गेलं. पाऊण म्हणजे पाद ऊन, पाव कमी. म्हणून पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी.

आणि सासूबाईंचा पाव हे क्रियापद, संस्कृत प्राप्, मिळणे, पोचणे. हिंदीत त्याचं पाना झालं. जुन्या पत्रात "पत्र पावले, मजकूर कळला" असं लिहायचे ना, तेच. देव पावतो म्हणजे देव आपल्यापर्यंत पोचतो. पैसे पावले की मिळते ती पावती. मात्र कोल्हापूरकडचा "राम राम पावणं" यात धरू नका, तो पाहुणा, त्याचं मूळ प्राघुण, अजून चौथंच.

बार्देसकार:
म्हणजे "पावणं पावणेआठला आलं, गणपती पावला, आता पाव किलो पाव आण" यात चार वेगळे शब्द? मराठी शिकणाऱ्याने काय करायचं 😂

वसई_लोकल:
पाच वेळा आलाय. पावणेआठ आणि पाव किलो एकाच घरातले, म्हणून मुळं चार.
नाना, बंगालीत पाउरुटी म्हणतात ते आपल्याकडून गेलं का?

शब्दखोर_नाना:
नाही हो, पोर्तुगीज तिकडे हुगळीला पण होते, 1632 मध्ये शहाजहानच्या फौजेने हाकलेपर्यंत. त्यांना थेट मिळाला असणार. आणि पाउरुटी म्हणजे दोनदा रोटीच झालं, एकदा पोर्तुगीजमध्ये एकदा आपल्यात. सुमाताई, तुमच्या ग्रुपवर अजून एक टाका. लॅटिन पानिसवरूनच इंग्रजीत कंपनी आलाय, मुळात एका पावात जेवणारे सोबती, आणि ट्रेनमधली पँट्री म्हणजे पाव ठेवायची खोली. फ्रायपॅनमधला पॅन मात्र वेगळा, तो यात घुसडू नका.

डोंबिवलीची_सुमा:
टाकलं. पहिला रिप्लाय आला, "मग पायाने मळत नाहीत ना नक्की?"