बहिणीकडून हक्कसोड घेण्याची पद्धत बंद व्हावी का?

रानजाई

वडील गेले, तेरावं झालं की घरात बहिणींच्या सह्यांचा विषय निघतो. वारस नोंदीत सगळ्यांची नावं लागतात, मग दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त होतो, बहिणीला साडीचोळी होते आणि सातबाऱ्यावर भाऊ एकटा उरतो. माझ्या मते ही पद्धत बंद व्हायला हवी.

आठ एकर रान, मागे आई, एक मुलगा, दोन मुली, मृत्युपत्र नाही, असं घर धरा. जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, या घरात प्रत्येकाच्या वाट्याला दोनच एकर येतात. दोघी बहिणींनी सह्या केल्या की चार एकर एका सकाळी भावाकडे जातात. खर्च ५०० रुपयांचा मुद्रांक आणि किरकोळ नोंदणी फी. इतकं स्वस्त आहे म्हणून कोणी दोनदा विचार करत नाही.

सही करणारी बाई ज्या घरात नांदते तिथलं रानही बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. मग पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला यांतलं काहीच तिच्या नावाने येत नाही. दिवसभर रानात राबूनही कागदावर ती शेतकरी नसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या वहिवाटदारांत बायका साधारण १४ टक्केच होत्या.

बांधकरी

ताई, कायदा माहीत आहे. पण रान कसं चालतं तेही बघा. सातबाऱ्यावर पाच नावं असली की सोसायटीच्या कर्जाला पाच जणांची संमती लागते. एक बहीण नाशिकला, एक सुरतेला. पेरणी जूनमध्ये, सही मिळते ऑगस्टमध्ये. विहिरीवर नवी मोटार बसवायची तरी विचारा, बांधावरची बाभूळ तोडायची तरी विचारा.

दुसरं, भाऊ नुसती जमीन घेत नाही. त्या जमिनीवरचं कर्ज, म्हाताऱ्यांचं दवाखान्याचं, बहिणीचं पहिलं बाळंतपण, दरवर्षीची दिवाळी, भाचीच्या लग्नातलं मामाचं देणंघेणं, हे सगळं त्याच्याच गळ्यात. गाव सोडून शहरात जावं असं त्यालाही वाटतं, पण तो मुलगा म्हणून अडकतो. मुलगा म्हणजे वारस, तसाच मुलगा म्हणजे जबाबदारी. फक्त जमिनीचा वाटा मागायचा आणि जबाबदारीची वाटणी करायचीच नाही, हे मला पटत नाही.

दस्तऐवज

दोघांच्याही बोलण्यात कागदाची बाजू अर्धवट आली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची. आता ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सोयीवरूनही अर्ज होतो. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, मग नमुना ६ मध्ये फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद), मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन आधी सुनावणी होते.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक, वारसांच्या प्रतिज्ञापत्रात फक्त मुलांची नावं लिहिली जातात, मुली गाळल्या जातात. नोटीस माहेरच्याच पत्त्यावर येते, त्यामुळे बहिणीला कळतच नाही. कळल्यावर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मुदत गेली तरी खचून जाऊ नये. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, त्याने मालकी जात नाही. वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो.

दोन, नोटरीसमोर साध्या मुद्रांकावर ‘मला हिस्सा नको’ असं लिहून घेतात आणि त्यालाच हक्कसोड म्हणतात. नोंदणी नसलेल्या अशा कागदाने जमिनीतला हक्क सुटत नाही. पण एकदा रीतसर नोंदवलेलं हक्कसोड मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठीचा दावा कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो.

‘लग्न फार जुनं आहे, म्हणून हक्क नाही’ हे अजून सर्रास ऐकू येतं. त्याचं मूळ हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आहे. तिने २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि ती अट उरली नाही. त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं नोंदणीकृत किंवा न्यायालयातलं वाटप मात्र कायम राहतं.

माहेरवाशीण

बांधकरीदादा, म्हाताऱ्यांना भाऊ सांभाळतो म्हणता, पण औषधाची वेळ, पथ्याचं जेवण, अंथरुणाला खिळलेल्या सासूची आंघोळ हे सगळं कोण करतं? भावाची बायको. सासऱ्याच्या जमिनीत तिचा स्वतःचा वाटा शून्य, आणि स्वतःच्या माहेरी तिनेही सही केलेली असते. म्हणजे सेवा एका बाईची, त्या सेवेचं कारण सांगून हक्क काढायचा दुसऱ्या बाईचा, आणि जमीन दोघींपैकी कुणाकडेच नाही.

शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्ती चालवली, ती याच कारणाने. गावातल्या शंभर घरांनी घरधनिणीच्या नावावर जमीन करायची, अशी ती मोहीम होती. पुढे १९९२ मध्ये शासनानेही नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. किती जणांनी ती वापरली, हे ज्याने त्याने आपल्या गावचे सातबारे काढून बघावं.

आणि आईबापांचं म्हणाल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलीवरही मुलाइतकीच जबाबदारी टाकली आहे. ती नाकारू नये असंच माझंही म्हणणं आहे.

कोरडवाहू

माझा विरोध वेगळ्या कारणाने. आमच्याकडची जिरायत रानं आधीच तुकड्यांत गेलेली. तीन एकरांचे चार वाटे केले की तीस-तीस गुंठे उरतात. त्यात ना ट्रॅक्टर नीट वळतो ना बोअरचा खर्च निघतो. पुढच्या पिढीत वाटे झाले की जिरायतीचं २० गुंठ्यांचं प्रमाणक्षेत्र, म्हणजे तुकड्याची कायद्याने ठरवलेली किमान मर्यादाही राहत नाही. भावाभावांत वाटून रानाची जी दशा झाली तीच पुन्हा करायची का?

रानजाई

कोरडवाहू, तीन भाऊ असतात तेव्हा तुकड्यांची काळजी आडवी येत नाही. एक भाऊ नि दोन बहिणी असल्या की येते. तरी तुमचा मुद्दा खरा आहे. पण वाटा मिळणं आणि बांध घालणं एकच नव्हे. नाव सातबाऱ्यावर राहू द्या, रान एकत्रच कसा. बहिणीने तिचा वाटा भावाला बटईने द्यावा, किंवा दरवर्षी ठरलेली रक्कम घ्यावी. दोन्ही लेखी. आणि सोडायचाच असेल तर मोबदला ठरवून, रक्कम बँकेतून घेऊन सोडावा. एकदम जमत नसेल तर हप्ते. मोबदला घेतला तर ५०० रुपयांत भागणार नाही, मुद्रांक वाढेल, ते मुद्रांक कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

दस्तऐवज

एक धोक्याची सूचना. बहिणींबरोबर आईचीही सही घेण्याची पद्धत पडली आहे. हे सगळ्यात वाईट. वाट्याचे दोन एकर गेले की तिच्याकडे शब्दाशिवाय काही उरत नाही. आईने सोडू नये. सोडलंच तर ‘हयातीपर्यंत सांभाळ करीन’ ही अट त्याच दस्तात लिहून घ्यावी. ती लिहिलेली असली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागताना आधार मिळतो. तोंडी कबुलीवर ते फार अवघड जातं.

बांधकरी

आईच्या सहीबद्दल दस्तऐवज म्हणतात ते मान्य. बटईचंही चालेल, फक्त संमतीचा खोळंबा सोडवा. बहिणीने पीककर्जापुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र भावाला द्यावं, विक्रीचा अधिकार त्यात नसावा. कर्जाची जबाबदारी वाट्याप्रमाणे वाटून घ्यावी. दिवाळी-बाळंतपणाचा खर्च हिशोबात धरावा की नाही, यावर मी अजून माझ्याच मतावर आहे: धरावा.

माहेरवाशीण

धरायचा तर तिने लग्नाआधी त्या रानात केलेली खुरपणीही धरा, दादा. आणि कागद करताय तर विहिरीच्या पाण्याची पाळी, वीजजोडणी कुणाच्या नावावर आणि वाटेची रुंदी हेही त्यात लिहा. एरवी भांडणं तिथूनच लागतात.